आधी काटा, मग हुक

माझं काम सांगायला सोपं आहे. एक गाडी ओढते, दुसरी ओढली जाते. त्या दोघींची जोडी मी लावून देतो. इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या अंगाला आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. ट्रॉलीची चासी बांधायची, दांडा आणि हुक बसवायचा, धुरा बदलायचा, कमानीचे पाटे वाढवायचे आणि कुणाला ट्रॅक्टर किंवा पिकअप भाड्यानं हवी असेल तर ओळखीतून मिळवून द्यायची. वरातीमागचा जनरेटर, बोअरिंगवाल्यांचा कॉम्प्रेसर, रंगपंचमीच्या गेरीतले, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतले पाण्याचे टँकर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे सजवलेले चित्ररथ, अशी चाकांवरची ओझी वर्षभर दारात येतात. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भिया, खींच लेगी ना?"

मी उलट विचारतो, "वजन किती?" आणि तिथं बोलणं अडखळतं. ट्रॅक्टर किती घोड्यांचा, पिकअपचं मॉडेल कोणत्या सालचं, ॲव्हरेज काय देते, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मागे जे जोडायचं त्याचं वजन मात्र अंदाजावर. "असेल तीन-साडेतीन टन." हे साडेतीन टन कुठून आले असं विचारलं तर उत्तर येतं, "मागच्या वर्षी ओढलं होतं की!" मागच्या वर्षी ओढलं गेलं, हीच वजनाची पावती. ओढणाऱ्याची ताकद विचारायची आणि ओझं मोजायचं नाही, ही सवय इतकी जुनी आहे की माझं निम्मं काम ती मोडण्यातच जातं.

वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं. ते कापड मिलमध्ये फिटर होते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या मिलांच्या भोंग्यांवर एके काळी निम्मं इंदूर उठत-बसत असे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत सजवलेली झांकी काढायची प्रथा इथं मिलांनीच रुजवली. सर सेठ हुकुमचंदांच्या मिलनं १९२० च्या दशकात ती सुरू केली आणि तिची शंभरी आता होऊन गेली. सुरुवातीला बैलगाड्या होत्या, उजेडाला कंदील आणि मशाली. मग ट्रॉल्या आल्या, ट्रॅक्टर आले, विजेचे दिवे आले, हलणारे पुतळे आले. वडील सांगायचे, मिलमध्ये झांकीचं काम लागलं की फिटर, सुतार, वायरमन आपापली पाळी संपवून पुन्हा तिथंच यायचे. चासीला कोणता धुरा घालायचा हे ठरवणारी माणसं रोज यंत्रांचे शाफ्ट बसवणारी होती. त्यांना वजन कळत होतं, कारण वजन हाच त्यांचा धंदा होता. मिल बंद पडल्या तशी ही माणसं पांगली. झांक्या राहिल्या, त्या मोठ्या होत गेल्या आणि त्यांच्याखालची ट्रॉली बांधणाऱ्याच्या हातात मात्र फक्त वेल्डिंगची कांडी उरली.

झांकीचं वजन कसं वाढतं, ते एका ट्रॉलीवरून सांगतो. जुन्या वस्तीतल्या एका मंडळाची ती ट्रॉली होती, दोन चाकांची, एका धुऱ्याची. मंडळाचा अंदाज नेहमीचाच: साडेतीन टन. झांकी पूर्ण सजल्यावर मी ती ट्रॅक्टरसकट काट्यावर नेली. काट्यावर तीन वजनं घ्यायची असतात. आधी ट्रॅक्टर एकटा: २,१५० किलो. मग ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त ट्रॅक्टरची चाकं काट्यावर: २,६१० किलो. शेवटी दोन्ही मिळून: ७,३८० किलो. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रॉली कळते: ५,२३० किलो. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की दांड्यावरचा भार कळतो: ४६० किलो. कागदावर चार ओळींचं गणित आहे, पण ते केल्यावर मंडळाचे अध्यक्ष पावतीकडे पाहतच राहिले. "पावणेदोन टन आले कुठून, काका?"

आम्ही तिथंच उभ्या उभ्या हिशेब मांडला. अँगल आणि चौकोनी पाइपचा सांगाडा त्यांनी धरला होता, प्लायवूडही धरलं होतं. पुतळे हलवणाऱ्या मोटरी आणि त्यांचे गिअरबॉक्स धरले नव्हते. झांकी वरून डोलायला लागली म्हणून शेवटच्या रात्री कुणीतरी खाली वाळूची पोती टाकली होती, ती कुणाच्याच वहीत नव्हती. वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या, मागचा छोटा जनरेटर आणि त्याची डिझेलची टाकी. शिवाय माणसं. काट्यावर त्या दिवशी माणसं नव्हतीच. मिरवणुकीत राम, कृष्ण, गोपिका झालेली मुलं वर बसतात, वायरमन बसतो आणि रात्री दोननंतर पाय दुखायला लागलेले कार्यकर्तेही एकेक करून चढतात. २० माणसं म्हणजे सव्वा टन. माणूस ट्रॉलीवर चढला की त्याचं वजन नाहीसं होतं, अशी आपल्याकडे सगळ्यांची समजूत आहे.

आता हे ओझं ओढायला काय लागतं? सपाट डांबरी रस्त्यावर, एकदा चाक फिरलं की, फार काही लागत नाही. साडेसात टनांच्या जोडीला दीडशे किलोच्या आसपासची ओढ पुरते. म्हणूनच "मागच्या वर्षी ओढलं" हे खरं असतं आणि म्हणूनच ते फसवंही असतं. तीच जोडी पुलाच्या चढावर, २० मीटरला एक मीटर वर जाणाऱ्या साध्या चढावर आली की मूळच्या ओढीत पावणेचारशे किलोंची भर पडते. म्हणजे तिपटीहून जास्त. त्यातच मिरवणूक चढावरच थांबली तर उभ्या गाडीला तिथून पुन्हा हलवायचं. आणि आपल्या मिरवणुकीचा स्वभाव असा की ती हमखास चढावर थांबते.

इथं पिकअपवाले माझ्याशी वाद घालतात. त्यांची पिकअप सत्तर-पंचाहत्तर घोड्यांची, ट्रॅक्टर पन्नासचा. मग ट्रॅक्टर कशाला? पिकअप सजवली की दिसतेही छान. मुद्दा घोड्यांचा राहत नाही, चालीचा होतो. झांकी माणसांच्या चालीनं जाते, खरं तर त्याहून हळू. जेल रोडवरून महात्मा गांधी मार्गाला, कृष्णपुरा छत्रीवरून नंदलालपुऱ्याकडे, तिथून जवाहर मार्ग, मग बाजारपेठांतून राजवाड्याकडे. संध्याकाळी निघालेली मिरवणूक पहाटेपर्यंत रस्त्यावर असते. आखाडे खेळतात, तिथं थांबा. मंचावरून स्वागत होतं, तिथं थांबा. ट्रॅक्टरच्या सर्वात खालच्या गिअरमध्ये पाय क्लचवरून पूर्ण काढला तरी तो गोगलगायीसारखा सरकत राहतो. पिकअपचा पहिला गिअरसुद्धा या चालीला वेगवान पडतो. म्हणजे ड्रायव्हर रात्रभर हाफ क्लचवर. तासाभरात जळक्या क्लचचा वास येतो, तो एकदा नाकात गेला की विसरत नाही. मग चढावर गाडी रेस घेते, आवाज करते आणि जागची हलत नाही. इंजिन ठणठणीत असतं, सगळे घोडे हजर असतात, पण ते चाकापर्यंत पोचवणारी क्लचप्लेट संपलेली असते.

याच गोष्टीसाठी परदेशात एक परीक्षा आहे. अमेरिकेत पिकअप म्हणजे ओढायचीच गाडी. मागे बोट, घोडे न्यायची गाडी, सुट्टीवर न्यायचं चाकांवरचं घर. तिथं बराच काळ प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ओढायची क्षमता ठरवायची आणि एकमेकींवर चढे आकडे छापायची. मग ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेनं, एसएईनं, २००८ मध्ये एकच पद्धत ठरवून दिली. जे २८०७ असं तिचं नाव आहे. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ येतो: ट्रेलर जोडून, एसी चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता १८ किलोमीटरहून जास्त चढायचं. सगळे या चढाचंच नाव घेतात. मला त्यातली दुसरी चाचणी जास्त आवडते. १२ टक्क्यांच्या चढावर पूर्ण ओझ्यासह उभं राहायचं आणि जागेवरून सुटून साधारण ५ मीटर पुढे जायचं, असं पाच मिनिटांत पाच वेळा. मग तसंच उलटं, रिव्हर्समध्ये. हे वाचलं तेव्हा मला थेट आपली मिरवणूक दिसली. त्यांची गाडी ज्या परीक्षेला पाच वेळा बसते, त्या परीक्षेला आपला ट्रॅक्टर रात्रभर बसलेला असतो, फक्त चढ थोडा सौम्य.

त्या पद्धतीतली आणखी एक गोष्ट मी कामात उचलली: दांड्यावरचा भार. त्यांच्या हिशेबात तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या किमान दहाव्या हिश्शाएवढा असतो. तो कमी पडला की ट्रेलर मागे सापासारखा वळवळतो. जास्त झाला की ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते, पुढची हलकी होते आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. त्या झांकीचे ४६० किलो पावणेनऊ टक्क्यांच्या जवळ येत होते. चालीच्या वेगात वळवळीची भीती नसते, तरी वाळूची पोती मी धुऱ्याच्या मागून पुढे घेतली. नवीन काही टाकलं नाही, काढलंही नाही. ड्रायव्हर संध्याकाळी म्हणाला, "भिया, अब ठीक बैठी है।"

बैठक बिघडली की काय होतं तेही पाहिलं आहे. एका मंडळाची झांकी पुलाच्या चढावर अडकली होती. ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाकडून आलेला. मागची चाकं ओल्या रस्त्यावर फिरायला लागली म्हणून उत्साही मंडळींनी जास्तीची साखळी आणून ती ट्रॅक्टरच्या वरच्या लिंकला बांधली; वरून ओढलं की जोर जास्त लागेल, असा सरळ विचार. ट्रॅक्टरची ओढ नेहमी खालच्या दांड्यावर, मागच्या धुऱ्याच्या खाली असावी लागते. ती वर गेली की मागची चाकं जागीच राहतात आणि ट्रॅक्टर स्वतःच त्यांच्याभोवती वर उचलला जातो. ड्रायव्हरनं क्लच सोडला आणि पुढची दोन्ही चाकं हातभर वर आली. त्यानं घाबरून क्लच पुन्हा दाबला, चाकं धाडकन खाली आदळली, बंपरवरची झेंडूची माळ तुटून रस्त्यावर पडली. समोर लेझीम खेळणाऱ्या मुली होत्या. त्या हसल्या, त्यांना तो खेळच वाटला. क्लच दाबायला आणखी क्षणभर लागला असता तर ट्रॅक्टर मागे उलटला असता. ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा उडी मारायला वेळ मिळत नाही.

म्हणून निघण्याआधी मी चार गोष्टी हातानं तपासतो, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. पहिली, हुकाची पिन. मूळ पिन हरवलेली असते आणि तिथं सळी वाकवून घातलेली असते. सळी बांधकामाची, तिला असं आडवं कातरून घ्यायची सवय नसते. पिन हवी ती पूर्ण मापाची, खाली क्लिप लावलेली, आणि सोबत एक जादा साखळी, खालच्याच बाजूला. दुसरी, ट्रॅक्टरची दोन ब्रेक पेडलं. शेतात वळायला डावं-उजवं वेगळं दाबता यावं म्हणून ती सुटी असतात. रस्त्यावर ती पट्टीनं एकत्र अडकवायचीच. नाहीतर मागून पाच टन रेटत असताना पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो. तिसरी, टायरची हवा. चौथी, दोन लाकडी ठोकळे आणि ते लावणारा एक माणूस, ज्याला रात्रभर दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. थांबलं की ठोकळा, निघालं की काढ. नाचायला जायचं नाही. हा चौथा मुद्दा मंडळांना सगळ्यात महाग वाटतो, कारण नाचायला न जाणारा मुलगा मिळणं कठीण.

रंगपंचमीची गेर वेगळीच परीक्षा घेते. टोरी कॉर्नर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मल्हारगंज, राजवाडा, सगळा भाग त्या दिवशी रंगानं माखलेला. टँकरवर पंप बसवलेले, चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत रंगीत पाणी उडवणारे. टँकरचं वजन मोजायला काट्याचीही गरज नाही. एक लिटर पाणी एक किलो, ५,००० लिटरचे पाच टन, वर लोखंड. लोकांना वाटतं भरलेला टँकर धोक्याचा आणि तो जसा रिकामा होईल तशी काळजी कमी. मी अर्ध्या भरलेल्या टँकरला जास्त भितो. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ब्रेक लागला की अडीच टन पाणी पुढे धावतं, पुढच्या भिंतीवर आदळून थांबलेल्या ट्रॅक्टरला मागून ढकलतं आणि पुन्हा मागे जातं. आत आडवे पडदे असलेला टँकर असेल तर हा धक्का तुकड्यातुकड्यांत येतो. गेरीसाठी टँकर मागायला आलेल्याला मी आधी झाकण उघडून आत टॉर्च मारायला सांगतो. पडदे दिसले तर पुढे बोलू.

शहराबाहेर निघालं की प्रश्न थांबण्याचा होतो. एक मांडव-जनरेटरवाले आले होते. सायलेंट जनरेटर दोन चाकांच्या ट्रेलरवर, सगळं मिळून २,६०० किलो, ट्रेलरला ब्रेक नाही. त्यांची पिकअप कागदावर १.७ टन माल उचलणारी. वर्षभर त्यांनी हा सेट इंदुरातल्या लग्नांना ओढला होता आणि आता शिरपूरचं लग्न घेतलं होतं. त्यांचा युक्तिवाद: "पाठीवर १,७०० किलो घेते, मग मागे २,६०० सहज ओढेल, चाकं तर ट्रेलरची ट्रेलरला आहेत." पाठीवरचा माल गाडीच्या चारही चाकांवर बसतो, त्या चाकांना ब्रेक असतात, आणि जेवढं वजन जास्त तेवढी त्यांची पकडही वाढते. मागचा ट्रेलर स्वतःच्या चाकांवर उभा असतो आणि त्या चाकांना थांबायचं कसं हेच माहीत नसतं. युरोपात म्हणूनच बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोंची मर्यादा आहे. तिथं ज्या पिकअप साडेतीन टन ओढतात असं आपण वाचतो, तो आकडा स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा असतो. मी हाताळलेल्या आपल्याकडच्या मालवाहू पिकअपच्या पुस्तकांत तर ओढायचा आकडा छापलेलाच नव्हता. छापलेला नाही याचा अर्थ लोक "कितीही" असा घेतात. मी "विचारू नका" असा घेतो.

शिरपूरच्या वाटेवर मुंबई रस्त्यानं मानपूरच्या पुढे माळवा संपतो आणि रस्ता एकदम निमाडात उतरतो. तिथला गणेश घाट ब्रेक निकामी होऊन घडलेल्या अपघातांसाठी इतका बदनाम झाला की उतरणाऱ्या वाहनांसाठी डोंगरातून नवा रस्ता काढावा लागला. तो २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाला. रस्ता सौम्य झाला तरी उंची तेवढीच उतरायची असते. मी त्या भाऊंना एकच हिशेब सांगितला. पिकअप आणि ट्रेलर मिळून पाच-सहा टन धरा. ही जोडी १०० मीटर उंची खाली उतरली आणि इंजिननं काहीच हात दिला नाही, तर जी उष्णता ब्रेकला पचवावी लागते तिच्यावर १७ लिटर गार पाण्याला उकळी येईल. आणि हे सगळं पचवणार फक्त पिकअपची चार चाकं. ट्रेलर नुसता मागून ढकलणार. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग ट्रेलरला ब्रेक लावून द्या." तेही करता आलं असतं, पण लग्न आठवड्यावर होतं. शेवटी जनरेटर क्रेननं उचलून ट्रकच्या हौद्यात ठेवला आणि ट्रक गेला. माझ्या धंद्यात कित्येकदा योग्य जोडी म्हणजे जोडीच नको, हे उत्तर असतं. त्यात माझी मजुरी बुडते, पण गिऱ्हाईक परत येतं.

कायद्याचीही एक बाजू आहे, ती मी लांबवत नाही. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. बंद पडलेल्या गाडीला टोचन करायचं तर दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. आणि २०१९ पासून जास्तीच्या वजनाला २०,००० रुपये दंड, वर दर जादा टनाला २,०००. हा दंड ऐकल्यावर काट्याची पावती कुणाला महाग वाटत नाही.

पीथमपूरला नॅट्रॅक्स झालं, ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हा आमच्या गल्लीत त्याचं कौतुक झालं. इंदूरच्या दारात एवढी मोठी गाड्यांची प्रयोगशाळा, अभिमान वाटावा अशीच. पण मला कायम वाटत आलं आहे की तिथं तपासून निघालेली गाडी आणि आमच्या चौकात ट्रॉलीला जोडली गेलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. कंपनी तपासते ती एकटी गाडी. आम्ही तिला दांडा लावला, पिन घातली, ट्रॉली जोडली, वर २० माणसं बसवली की जे तयार होतं ते कुठल्याच ट्रॅकवर गेलेलं नसतं. त्याची क्षमता त्यातल्या सर्वात दुबळ्या तुकड्याएवढी. मग तो तुकडा पन्नास रुपयांची पिन का असेना.

झांकीच्या दिवसांत वडिलांच्या जुन्या सोबत्यांची हटकून भेट होते. मिल बंद पडल्यावरही त्यांनी झांकी सोडली नाही. लोकांच्या वर्गणीवर, प्राधिकरण आणि महापालिकेच्या मदतीवर, आणि बहुतांशी स्वतःच्या हट्टावर ती निघत राहिली. हुकुमचंद मिलच्या जवळपास ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा, सुमारे २२४ कोटींचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ ला सुपूर्त झाला. नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडलेल्या मिलचा हिशेब तीन दशकांनी मिटला. तोवर त्यातले कितीतरी लोक गेले होते. मी मिस्त्री माणूस, मोठं बोलत नाही. पण ट्रॉलीजवळ उभं राहून या म्हाताऱ्यांकडे पाहिलं की वाटतं, यांच्याबाबतही सगळ्यांनी तेच केलं: ओढतायत ना, मग ओढतील. किती ओझं आहे, हे कुणी काट्यावर घेतलं नाही.

दरवर्षी मिरवणुकीआधी मार्गाची पाहणी होते. लोंबत्या तारा वर घेतात, मोडकळीला आलेले सज्जे बघतात, खड्डे बुजवतात. उंची आणि रुंदी यांची काळजी चोख घेतली जाते. वजन मात्र माझ्या पाहण्यात कुणी विचारलेलं नाही. खरं तर सुरुवातीच्या चौकात एक फिरता काटा उभा करता येईल, किंवा आदल्या दिवशी जवळच्या काट्यावर एकेक ट्रॉली नेता येईल. एका ट्रॉलीला अर्धा तास. खर्च म्हणाल तर कार्यकर्त्यांच्या एका वेळच्या पोहे-जिलेबीहून कमी.

तोवर माझ्या हातात आहे तेवढं मी करतो. आमच्याकडे बांधलेल्या ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर आता चार आकडे रंगवतो: रिकामं वजन, भरलेलं वजन, दांड्यावरचा भार आणि वर जास्तीत जास्त किती माणसं. एका मंडळानं ते आकडे मखमलीच्या झालरीखाली झाकले. देवाच्या झांकीवर किलो-टन शोभत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. पुढच्या वर्षी फळीवरचे आकडे खाली घेतले आणि थेट दांड्यावर, हुकाच्या वीतभर अलीकडे पिवळ्या रंगात लिहिले. तिथं झालर पोचत नाही आणि पिन घालायला वाकलेल्या ड्रायव्हरला ते वाचल्याशिवाय उठता येत नाही.